जो उरेल त्याची जमीन

माझं लग्न लागलं तेव्हा नवरा दहा हजार मैलांवर ऊस तोडत होता. गावच्या चर्चमध्ये त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ उभा राहिला आणि त्यानेच माझ्या बोटात अंगठी घातली. मग महिनाभर बोटीत उलट्या करत मी क्वीन्सलँडला आले. इंगमच्या फलाटावर दोन माणसं उभी होती, दोघांच्या हातांवर उसाच्या पात्यांचे सारखेच ओरखडे. यातला माझा कुठला, ते मला पिशवीतला फोटो काढून बघावं लागलं. थोरला हसला आणि म्हणाला, "घाबरू नकोस आगाता, तुझा तो. मी त्याचा भाऊ, सारो. नवरा सोडला तर बाकी आमचं सगळं एकच आहे."

ते खोटं नव्हतं. दोघा भावांनी छप्पन साली एका आयरिश विधवेकडून नदीजवळची शंभर एकर जमीन घेतली होती. कागद करताना कारकुनाने विचारलं, तुमच्यातला एक मेला तर त्याचा हिस्सा वारसांना द्यायचा, की दुसऱ्या भावाला? तेव्हा दोघंही सडेफटिंग, पत्र्याच्या बराकीत राहणारे. माझा नवरा नुन्झियो म्हणाला, "वारस? माझा वारस म्हणजे हा बैल." सारो म्हणाला, "लिहा. जो उरेल त्याची." कारकुनाने तसं लिहिलं. दोघांनी सह्या केल्या आणि बाहेर येऊन एकेक बिअर प्यायली. ही गोष्ट मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली, आणि मलाही ती ऐकून बरं वाटलं होतं. भावांचं असं प्रेम हल्ली कुठे दिसतं, असं मी आईला पत्रातही कळवलं.

पुढे सारोचं आसुंताशी लग्न झालं. एकाच अंगणात खांबांवर उभी दोन लाकडी घरं झाली, मध्ये कपड्यांची तार आणि ट्रॅक्टरची शेड. त्यांना लिनो झाला, आम्हाला पिना. तो कागद कोणी पुन्हा उघडून बघितला नाही.

मग बहात्तर साल आलं. जुलैमध्ये गावाहून तार आली, सासूबाई गेल्या. तार सारोच्या हातात पडली. गाळप ऐन भरात होतं, ऊस उभा होता आणि तोडणीला दोन माणसं कमी होती. आमच्यात आई गेली की मुलगा महिनाभर दाढी करत नाही, अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही, कामाला हात लावत नाही, कागदावर सही करत नाही. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, झाली की मग न्हाव्याकडे जायचं. दोन भाऊ महिनाभर घरी बसले असते तर ऊस फडातच वाळला असता. सारोने तार टोपीच्या आतल्या पट्टीत खोचली आणि सात आठवडे तीच टोपी घालून ट्रॅक्टर चालवला. त्या सात आठवड्यांत माझा नवरा रोज गुळगुळीत दाढी करत होता. एका लग्नात तर तो टेबलावर चढून अकॉर्डियन वाजवत नाचला. लोक टाळ्या वाजवत होते, सारोही वाजवत होता.

खरं कळलं तेव्हा नुन्झियो एकच वाक्य बोलला. "आई जमिनीखाली होती आणि तू मला नाचवलंस." त्यानंतर चोवीस वर्षं तो भावाशी बोलला नाही.

शेती मात्र चालू राहिली. शेडमध्ये एक काळा फळा टांगला होता, त्यावर दोघं खडूने लिहीत. "खाडीकडे खत टाकलं. सारो." "पंप बिघडला. नुन्झियो." खाली सही करायचीच, जणू दुसरंही कोणी लिहिणार होतं. आम्ही बायका मात्र बोलत होतो. आम्हीही अबोला धरला असता तर कपडे कोणी वाळत घातले असते? आसुंता तिकडून चादरीचं टोक धरायची, मी इकडून, आणि चादर पिळता पिळता आम्ही दोन्ही घरांतल्या बैलांची उणीदुणी काढायचो.

पिना मोठी झाली आणि तिने शेती हातात घेतली. तेहेतीस वर्षांची, आडव्या बांध्याची, उन्हाने मान करपलेली. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला नवरा नाही, ट्रॅक्टर आहे. पिना म्हणायची, ट्रॅक्टरला सकाळी उठून कॉफी द्यावी लागत नाही. तोडणीनंतर पुन्हा फुटणारा खोडवा कुठे ठेवायचा, कुठे मोडायचा, कुठल्या सरीत पाणी साचतं, सगळं तिला पाठ. लिनो टाउन्सव्हिलला बोटी विकायचा. नाताळला यायचा, व्हरांड्यात बसून शेताकडे बघायचा आणि म्हणायचा, "इथे चाळीस बंगले बसतील."

शहाण्णवच्या मे महिन्यात डॉक्टरांनी नुन्झियोच्या फुप्फुसाचे फोटो उजेडासमोर धरले आणि आम्हाला खुर्चीत बसायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही मृत्युपत्र घेऊन ट्रँटर वकिलाकडे गेलो. निम्मी जमीन आणि घर पिनाला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ट्रँटरने ते वाचलं, मग कपाटातून जुना कागद काढून तो वाचला, आणि चष्मा काढून ठेवला.

"मृत्युपत्र चांगलं आहे, मिस्टर लाउदानी. पण ते या जमिनीला लागूच होत नाही."

"का नाही? निम्मी माझी आहे."

"तुम्ही जिवंत आहात तोवर सगळीच तुमची आहे. आणि सगळीच सारोची. तुमचा असा वेगळा निम्मा हिस्सा या कागदात नाहीच. तुम्ही गेलात की तुमचं नाव गळून पडतं, आणि मागे जो उरला तो सगळ्याचा मालक होतो. कायद्यात याला उत्तरजीविता म्हणतात."

मी म्हणाले, "आणि पिना पंधरा वर्षं नांगरतेय ते?"

"ते कायद्याला दिसत नाही, मिसेस लाउदानी."

"आणि भावोजी आधी गेले तर?"

"तर सगळी तुमच्या नवऱ्याची."

नुन्झियोला हसू आलं आणि त्यातून खोकला. "म्हणजे शर्यत लागली होती इतकी वर्षं," तो म्हणाला, "आणि मला आज कळतंय, मी लंगडा घोडा."

उपाय होता. एका पानाचा अर्ज. नुन्झियोने एकट्याने सही केली तरी भावांची जोड सुटून प्रत्येकाचा निम्मा हिस्सा वेगळा होत होता. पण ट्रँटरने दोन बोटं वर केली. एक, अर्जाची प्रत सारोला पोचली पाहिजे. दोन, नुन्झियो जिवंत असताना सरकारी दप्तरात नोंद झाली पाहिजे. "आदल्या दिवशी झाली तरी चालेल," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी झाली तर तो कागद म्हणजे रद्दी."

घरी येताना गाडीत नुन्झियो म्हणाला, "मी नाही सही करणार."

"का?"

"मी मरायला टेकलोय हे मी त्याला लेखी कळवू? त्याने आईचं मरण मला कळवलं नाही. मी माझं त्याला का कळवायचं?"

"नको कळवू. मर तसाच. पिना उद्यापासून लिनोकडे मजुरीला जाईल."

"बाई, तोंड आहे की कोयता?"

"कोयता असता तर तुझ्या हट्टाचा खोडवा केव्हाच मोडला असता."

जून गेला. जुलै सरत आला तेव्हा त्याला जिना उतरवेना. गाळप सुरू झालं होतं, उसाने भरलेली छोटी आगगाडी दिवसातून चार वेळा आमच्या घरामागून कारखान्याकडे जायची आणि तो पलंगावरून डबे मोजायचा. एका सोमवारी सकाळी पिना शेतावर जायला निघाली, तेव्हा जिन्यात बसून बुटाचे बंद बांधत होती. त्याने तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाला, "आण तो अर्ज." सही वेडीवाकडी आली, पण आली.

प्रत द्यायला मीच गेले. सारो शेडमध्ये फळ्यासमोर उभा होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, इंग्रजी वाचताना ओठ हलायचे. अर्ज वाचून झाला तेव्हा त्याने जमिनीबद्दल अक्षरही विचारलं नाही.

"किती दिवस आहेत त्याच्याकडे?"

"डॉक्टर म्हणतात, थोडे."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"भावोजी, मरणाची बातमी उशिरा सांगण्याची रीत या घरात मी पाडली नाही," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही. तो अर्ज हातात तसाच धरून माझ्या मागून चालत आला. चोवीस वर्षांत आमचा जिना त्याने पहिल्यांदा चढला. आसुंताने तो येताना पाहिला असावा, कारण ती ओले हात एप्रनला पुसत त्याच्या मागोमाग आली आणि दारातच थांबली.

सारोने पलंगापाशी टोपी काढली. आतल्या पट्टीतून घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद काढून त्याने नुन्झियोच्या पांघरुणावर ठेवला. टोपी कितीदा तरी बदलली असेल, तार तीच होती.

"ही तुझी आहे," तो म्हणाला. "द्यायला उशीर झाला."

नुन्झियो ती उघडेना, नुसती धरून बसला. "ऊस वाचला का रे तेव्हा?" त्याने विचारलं.

"वाचला. दोन आठवड्यांनी पुरात गेला."

आणि दोघं हसायला लागले. हसता हसता सारो गुडघ्यांवर बसला आणि पांघरुणात तोंड खुपसून रडला. मी त्या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या वेळी मला कोणी काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं.

डोळे पुसून सारो म्हणाला, "अर्ज पाठवून दे, तुझा हक्क आहे. पण नुन्झियो, निम्मं-निम्मं नुसतं कागदावर झालं तर उद्या तुझी पिना आणि माझा लिनो एका जुवाला जुंपले जातील. लिनो मला माहितीये. त्यापेक्षा मधे बांध घालू. खाडीपासून आंब्यापर्यंत सगळं पिनाचं, हे घर पिनाचं. रस्त्यापासून रुळापर्यंत लिनोचं. शुक्रवारी मी ट्रँटरकडे जाऊन सगळं लिहून देतो. आईची शपथ."

"मग हा अर्ज कशाला?" नुन्झियो माझ्याकडे बघत म्हणाला.

कोणी मला सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन उठले, अर्ज आणि प्रत दोन्ही घेतले आणि चुलीत घातले, आणि त्याच जाळावर कॉफी ठेवली. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. आसुंताने दारातून हे सगळं ऐकलं, पाहिलं, आणि पुढे येऊन माझ्या गालाचा मुका घेतला. चौघांनी कॉफी प्यायली.

दुपारी पिना जेवायला आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने चुलीत डोकावून बघितलं.

"शुक्रवारपर्यंत ठेवायचा होतास, आई."

"अगं, काका आईची शपथ घेतायत आणि मी कागद छातीशी धरून बसू? लाज नाही वाटणार?"

"लाज शुक्रवारनंतर वाटली असती तरी चाललं असतं," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

मंगळवार, बुधवार सारो सकाळ-संध्याकाळ आमच्याकडेच होता. भावाला तो गावच्या गोष्टी सांगायचा, त्याची दाढी करून द्यायचा. गुरुवारी सकाळीही वस्तरा घेऊन बसला. एक गाल झाला. दुसऱ्या गालाला साबण लावला, आणि नुन्झियोने मान टाकली.  सारोने उरलेला गाल हळू हळू पुरा केला, तोंड पुसलं, आणि वस्तरा मिटून खिशात घातला. त्या क्षणापासून शंभर एकर त्याचे एकट्याचे होते. मला ते माहीत होतं, आणि नवऱ्याचं अंग अजून गरम असताना ते माझ्या मनात आलं, याची मला आजही शरम वाटते.

दफनाच्या दिवशी ट्रँटर स्मशानात आला होता. टोपी हातात घेऊन तो सारोजवळ गेला. "मिस्टर लाउदानी, घाई करतोय असं समजू नका. पण त्या वाटणीचं लवकर करावं. अर्ध्या तासाचं काम आहे, मी घरी येतो."

"महिन्याची मिस्सा होऊ दे," सारो म्हणाला.

"काका," पिना म्हणाली, "बाबाला चाललं असतं."

"मला नाही चालणार. एकदा मी या घरातला दुखवटा चोरलाय, पोरी. त्याचे सात आठवडे चोरले. आता त्याच्या महिन्यातला एक दिवस मी कमी करणार नाही. ना दाढी, ना शेत, ना सही. तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी सकाळी न्हावी, आणि तिथून थेट ट्रँटर."

आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. असा भाऊ, असा शोक, असं ते एकमेकांत म्हणाले. मी काय बोलणार होते? त्या शोकासाठीच तर माझा नवरा चोवीस वर्षं रुसला होता. सारो आता त्याला त्याचं देणं देत होता, आणि मी मधे पडून म्हणू, की राहू दे भावोजी, आधी सही करा?

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक काट मारायची. सारो त्याच्या व्हरांड्यात झडपा लावून बसायचा, काळा सदरा, गालावर पांढरे खुंट वाढत चाललेले. बाराव्या दिवशी पिना अंगणात उभी राहून त्याला म्हणाली, "काका, तुमचा चेहरा बरा दिसत नाही."

"दाढी आहे ती."

"दाढीच्या मागचा."

"अजून अठरा दिवस," सारो म्हणाला. "ऊस कसा पडतोय ते सांग." आणि तिने सांगितलं, कारण दुसरं काय करणार?

तेविसाव्या दिवशी सकाळी आसुंताची किंकाळी ऐकू आली. तो व्हरांड्यातल्या खुर्चीतच गेला होता, हात मांडीवर, खिशात तोच वस्तरा. त्याच्या बोटांच्या टोकांना पांढरं काहीतरी लागलं होतं. मी ते पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचा विचार केला नाही.

त्याला पुरलं त्या दिवशी लिनो टाउन्सव्हिलहून गडद सूट घालून आला. चर्चबाहेर मी ट्रँटरला गाठलं आणि आता काय, असं विचारलं. त्याने तोंड उघडण्याआधीच मला कळलं.

"सारोच्या मृत्युपत्रात सगळं आसुंता आणि लिनोच्या नावे आहे. ते जुनं आहे, बदललेलं नाही. शपथ तुम्ही ऐकलीत, पण जमिनीच्या व्यवहारात शपथ पुरत नाही, लेखी लागतं. कोर्टात जाता येईल. त्याला वर्षं लागतील, आणि आसुंताने स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष द्यावी लागेल."

"देईल ती. ती दारात उभी होती. तिने माझा मुका घेतला होता."

ट्रँटरने टोपी डोक्यावर घातली.

त्या संध्याकाळी ऊन कलताना पिना, सारो गेल्यापासून शेतातच उभा राहिलेला ट्रॅक्टर ठेवायला शेडमध्ये गेली आणि तिने मला हाक मारली. तिचा आवाज ऐकून मी अनवाणीच धावले. फळ्यावरचा जुना मजकूर पुसलेला होता आणि वरपासून खालपर्यंत शेताचा नकाशा काढला होता. खाडी, आंबा, दोन घरं, रस्ता, रूळ. मधून जाड रेघ. रेघेच्या अलीकडे लिहिलं होतं, "खाडी ते आंबा आणि नुन्झियोचं घर, पिनाचं." पलीकडे, "रस्ता ते रूळ, लिनोचं." खाली तो गेला त्याच्या आदल्या दिवसाची तारीख, आणि सही. सारो लाउदानी.

अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, पण शेड अंगणातच होती. कागदावर सही करायची नाही, पण फळा म्हणजे काही कागद नव्हे. बिचारा. त्याने रीतही पाळली होती आणि शपथही. मी तिथेच उसाच्या पाचटावर बसले आणि नुन्झियो गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडले.

पिनाने ट्रँटरला फोन लावला. तो म्हणाला, "फळ्याला कोणी हात लावू नका. उद्या दहाला कॅमेरा घेऊन येतो. खडूची सही कोर्ट किती मानेल सांगता येत नाही. पण अक्षर त्याचं आहे, तारीख आहे. यावर भांडता येईल."

फोन ठेवून पिना म्हणाली, "शेडला कुलूप लावू का?"

"भावकीत कुलूप? उद्या गाव थुंकेल तोंडावर."

"आई, थुंकी पुसता येते."

"नाही म्हणजे नाही," मी म्हणाले.

ज्या घरात माणूस गेलं तिथे आमच्यात तीन दिवस चूल पेटत नाही. जवळच्यांनी शिजवून न्यायचं असतं. आसुंताला माझ्याहून जवळचं कोण होतं? मी पहाटेच उठून कोंबडीचा रस्सा केला, त्यात बारीक शेवया सोडल्या, आणि मोठं पातेलं फडक्यात बांधून तिच्याकडे नेलं. घरात झडपा लावलेल्या होत्या. आतल्या खोलीत लिनो फोनवर कोणाशी तरी एकर आणि रस्ता असं काहीसं बोलत होता. आसुंता डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात, खुर्चीत बसली होती. एका दिवसात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. मी तिला चमच्याने रस्सा भरवला. तीन आठवड्यांपूर्वी तिने मला असाच भरवला होता.

"आपण दोघी उरलो गं," ती म्हणाली.

माझं मन भरून आलं, आणि मी सांगून टाकलं. का सांगितलं? तिला बरं वाटेल म्हणून. मेलेल्या नवऱ्याने जाता जाता शब्द पाळला, हे ऐकून कुठल्या बायकोला बरं वाटणार नाही? "आसुंता, भावोजींनी वाटणी लिहून ठेवलीये. शेडमधल्या फळ्यावर, सहीसकट. दहाला ट्रँटर फोटो काढायला येतोय. आता कोर्ट नको, भांडण नको. सगळं त्यांनी म्हटलं होतं तसंच होईल."

 आतला फोनवरचा आवाज थांबला होता.

"देवाने त्याला बुद्धी दिली," आसुंता म्हणाली आणि माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "जा, तू जरा पड. पातेलं मी धुऊन आणून देते."

ट्रँटर बरोबर दहाला आला. पिना पुढे, तो मागे, मी त्याच्या मागे, असे आम्ही शेडमध्ये शिरलो. पिना एकदम थांबली. फळ्यावर पांढरे फराटे होते, लांब, घाईने ओढलेले, वरून खाली. खाडी नव्हती, आंबा नव्हता, रेघ नव्हती. खालच्या कोपऱ्यात तेवढी सही राहिली होती, कदाचित हात तिथवर पोचला नसेल, किंवा पुसणाऱ्याच्याने ते नाव पुसवलं नसेल. सारो लाउदानी. वर काहीही नाही.

ट्रँटरने तरीही एक फोटो काढला. ते त्याने आमच्यासाठी केलं, हे मला कळलं.

"काल बारा-तेरा शब्द होते इथे," पिना म्हणाली.  फळ्याकडे न बघता ती बाहेर खाडीच्या दिशेने बघत होती. तिकडचा ऊस अजून उभा होता, तो तिलाच तोडायचा होता.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आसुंता अंगण ओलांडून येत होती, दोन्ही हातांत माझं पातेलं. लिनो त्यांच्या व्हरांड्यात उभा होता, पुढे येत नव्हता.

"हे घे," ती म्हणाली. "रिकामं देत नाही." आत पाच लिंबं होती, त्यांच्या झाडाची. ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती, लिंबांकडे बघत होती. "आगाता, मला एकच मुलगा आहे," ती हळूच म्हणाली. मग जरा मोठ्याने, ट्रँटरला ऐकू जाईल अशी, "बाकीचं महिन्याची मिस्सा झाली की बोलू."

मी पातेलं घ्यायला हात पुढे केला आणि मला तिची उजवी बाही दिसली. मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या कापडावर खडू पसरला होता. तिने फडकं नेलं नव्हतं. नवऱ्याचं लिहिणं तिने स्वतःच्या दुखवट्याच्या कपड्याने पुसलं होतं.

ट्रँटर चार पावलांवर कॅमेरा बॅगेत घालत होता. मी त्याला हाक मारू शकले असते. तिचा हात वर धरून म्हणू शकले असते, हे बघा, याचा काढा फोटो.  पण मी पातेलं खाली ठेवलं, तिचं मनगट हातात घेतलं, आणि बाही झटकली. एकदा, दोनदा, कोपरापर्यंत, पांढरं जाईतो. पहिल्या महिन्यात विधवेच्या काळ्यावर पांढरा ठिपका दिसू नये, हे मला माझ्या आईने शिकवलंय, आणि माझे हात माझ्या आधी पोचले.  आसुंता वळली आणि तिच्या घराकडे चालू लागली.

मी पिनाकडे बघितलं. तिने सगळं पाहिलं होतं. तिने खाली वाकून पातेलं उचललं, लिंबं सांडू नयेत म्हणून कमरेशी धरलं.

"चल, आई," ती म्हणाली. "आधी हात धू. तुझ्याही हाताला लागलाय."